वरच्या मजल्यांचे कोपरे

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी माझ्या इमारतीची चेष्टा केली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासायचे इमारतींचे छोटे नमुने घडवणं हे त्यांचं काम. माझ्या ऑफिसनेही चाचणी त्यांच्याच प्रयोगशाळेला दिली होती. मी आखलेला टॉवर, तळापासून टोकापर्यंत चौकोनी, त्यांच्या टेबलावर हातभर उंचीचा उभा होता.

"आर्किटेक्टबाई, तुमचा टॉवर फार सरळमार्गी आहे. वारा अशांनाच छळतो."

मग समजावणं सुरू झालं. समोरून ढकलणारा वारा सोसता येतो. भीती असते ती बाजूंची. धारदार कोपऱ्यावरून वारा सुटला की भोवरे होतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि इमारत झोपाळ्यासारखी आडवी झुलते. भोवऱ्यांचा आणि इमारतीचा ठेका जुळला की वरच्या मजल्यांवर माणसं भिंत धरून चालतात. म्हणून कोपऱ्यांची धार मोडायची, उंचीप्रमाणे आकार बदलायचा. खालचे भोवरे एक म्हणतात, वरचे भलतंच, त्यांची एकी होत नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. कोपरे मोडले तर खोल्या लहान होतील, एवढंच मी म्हटलं. "बघू," म्हणून त्यांनी पॉलिश पेपर उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता ते खुर्चीतच गेले.

चाचणी ठरल्याप्रमाणे झाली. निकाल इतका चांगला आला की आमच्या साहेबांनी फोनवर सांत्वन आणि अभिनंदन एका दमात उरकलं. इमारत जवळजवळ झुलतच नव्हती. आता पाया खणायला हरकत नव्हती.

बाबांचा चष्मा आणि डबा आणायला मी प्रयोगशाळेत गेले. नमुना फळीवर होता. सहज हात फिरवला. खाली कोपरे बोटांना टोचले. वरच्या भागात बोट घसरलं. मळकट काळ्या रंगाखाली तिथले कोपरे गोल केलेले होते. तीन सारखे, चौथा जरा जास्तच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनीही हात फिरवला आणि स्टुलावर बसल्या. रंग देण्याआधी प्रत्येक नमुना नकाशाशी ताडून पाहायचा, असा तिथला नियम. फक्त बाबांचा कुणी ताडत नसे. ते त्यांना अपमानासारखं वाटेल, असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं.

त्यांनी मुद्दाम केलं? निकाल पुढ्यात टाकून, आता बोल, म्हणायला? मग चौथा कोपरा वेगळा का? की हाताची सवय? मी रांगत होते तेव्हापासून घरातल्या एकाही टेबलाला त्यांनी धार ठेवलेली नाही. की बोटांना कळेनासं झालं होतं? आईला विचारलं. ती म्हणाली, "कामाचं ते तुझ्याशीच बोलायचे ना गं."

गप्प राहिले तर दुसऱ्याच आकाराच्या निकालावर माझी इमारत उभी राहणार आणि वर लोक राहायला येणार. बोलले तर बाबांचं शेवटचं काम चुकलेलं ठरणार. कधी वाटे, ते चुकलेलं नाहीच. चुकली आहे ती माझी इमारत. मग चौथा कोपरा आठवे आणि तेही पटेनासं होई.

शेवटी नमुना उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाईही आल्या होत्या. हात फिरवून बघा, म्हटलं. साहेबांनी फिरवला आणि फोन करून पायाचं काम थांबवलं. मग ही चूक की युक्ती, असं विचारलं. युक्ती असू शकते, बाई म्हणाल्या, आणि का ते सांगायला त्यांनी कागद ओढला.

"हिला काय सांगताय," साहेब म्हणाले. "ही त्यांच्याच तालमीतली."

मी मान हलवणार होते. जेवताना, गाडीत, फोनवर बाबा विचारायचे, कळलं का, आणि मी हो म्हणायचे. बऱ्याचदा कळलेलं नसायचं.

"नाही," मी म्हणाले. "मला कळलेलं नाही. पहिल्यापासून सांगा."