पहिला वॉफल करणाऱ्याचा

मित्रांनो, भिंतीवर टांगलेला काळा चकचकीत ऐवज तुम्ही पाहिलाच असेल. खाली पाटी, वर छोटा दिवा. लोक माझ्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. तो मी. वॉफलचा जुना साचा. शोभेसाठी मी जन्मलो नव्हतो, आणि आज जे सांगणार आहे ते गोड लागेलच असे नाही. मी दमलो आहे. दमलेल्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. एका कारखान्यात ओताऱ्याने ओल्या वाळूत माझा ठसा उमटवला आणि त्यात लालभडक रस ओतला. निवल्यावर दोन जाड तवे निघाले. दोघांच्या आतल्या अंगाला चौकोनी खड्डे, मधाच्या पोळ्यासारखे दाट. मग बिजागरी लागली, लाकडी मुठी लागल्या. ओताऱ्याने मला उघडून पाहिले, मिटून पाहिले आणि म्हणाला, "हा माणसापेक्षा जास्त टिकेल." ती शाबासकी मी वर्षानुवर्षे जपली. आता वाटते, तो शाप होता.

पहिली काही वर्षे एका भांड्यांच्या दुकानात फुकट गेली. वॉफल म्हणजे काय हे दुकानदाराला ठाऊक नव्हते. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो मला उंबऱ्याशी ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मला लागत. एके दिवशी एक तरुण बाई मला अडखळली, खाली वाकली आणि तिने मला उघडले.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"दाराचं वजन."

"वजनाला बिजागरी कशाला लागते?"

दुकानदाराने डोके खाजवले. बाईच्या पर्समध्ये मासिकाचे एक फाटके पान होते, त्यावर वॉफलची कृती होती आणि माझ्यासारख्याच एकाचे चित्र. तिने चित्र माझ्याशेजारी धरले. मग मला पदराने पुसले आणि काखेत मारून घरी नेले. तीन किलोचा मी, पण वाटेत तिने एकदाही हात बदलला नाही.

तिला सगळे आत्या म्हणतात. तिच्या भावाचे मोठ्या हॉस्पिटलसमोर लहानसे खानावळवजा दुकान होते. तेव्हा तिथे चहा आणि टोस्ट एवढेच मिळायचे. भाऊ दारापाशी बसून लोकांशी गप्पा मारायचा आणि आत्या आत राबायची. हॉस्पिटलचे धुलाई खाते रस्त्यापलीकडेच होते. तिथे रात्रपाळीला चादरी धुणाऱ्या बाया पहाटे सहाला सुटायच्या. साबणाच्या पाण्याने त्यांच्या बोटांची साले निघालेली असायची, आणि पोटात आग पडलेली असायची. आत्याला त्यांच्यासाठी काहीतरी गरम, पोटभरीचे करायचे होते.

सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून अकरा वॉफल वाया घालवले. कधी पीठ घट्ट, कधी तवा गार, कधी वॉफल दोन्हीकडे चिकटून मधोमध फाटायचा. भाऊ दारातून म्हणायचा, "तुझ्या त्या लोखंडाला आधी जेवू घाल, मग माणसांना." तो थट्टा करत होता, पण आत्याने ते खरे धरले. तिने मला तेल पाजले. विस्तवावर ठेवायचे, तेल चोळायचे, धूर निघेपर्यंत तापवायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा चोळायचे. असे कितीतरी दिवस. हळूहळू तेल माझ्या अंगात मुरले, माझ्यावर काळी मऊ साय धरली. ही साय हीच बिडाची कमाई. तिला साबण लावायचा नसतो. काम झाले की सुक्या फडक्याने पुसायचे, बस्स.

तरीही सकाळचा पहिला वॉफल चिकटायचाच. निवलेल्या लोखंडाला जागे व्हायला एक घाणा लागतो. आत्याने त्याचा नियमच करून टाकला. पहिला वॉफल करणाऱ्याचा. तो वाकडातिकडा, फाटका तुकडा ती शेगडीपाशी उभ्यानेच खायची, आणि दुसऱ्यापासून गिऱ्हाईक. चादरवाल्या बायांपैकी एक होती, सगळ्या तिला चादर म्हणूनच हाक मारत, ती खिडकीतून ओरडायची, "आत्या, खाल्लास का गं तुझा? मग आमचं टाक."

आत्याने घड्याळ कधी पाहिले नाही. पळीभर पीठ आत पडले की मला मिटायचे, उलटवायचे आणि कान द्यायचा. माझ्या फटींतून वाफ फसफसत निघायची. फसफस बारीक झाली की वॉफल तयार. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत. प्रत्येक खड्ड्यात वितळते लोणी आणि पाक साचलेला. चादर म्हणायची, "रात्रभर लोकांची घाण धुतली, आता ह्या चौकोनांत तोंड घातलं की माणसात आल्यासारखं वाटतं."

मित्रांनो, तेवढीच शाबासकी मला पुरायची. मीही भरपूर काम केले. रोज सत्तर-ऐंशी वॉफल, एकतीस वर्षे. पण तीन किलो लोखंड दिवसातून दीडशे वेळा उलटवणारे मनगटही कुणाचे तरी होते, हे कुणी मोजले नाही. आधी ते दुखू लागले. मग सुजले. मग एका सकाळी मला उलटवताना आत्याची मूठ सुटली आणि मी शेगडीवरून फरशीवर आपटलो. मला काही झाले नाही. फरशीचा टवका उडाला आणि आत्या खाली बसली.

तोवर भाऊ वारला होता आणि दुकान त्याचा मुलगा, आत्याचा भाचा, चालवत होता. त्याने विजेचे यंत्र आणले. ते वॉफल झाला की पीक-पीक करते, म्हणजे कान देणारे कुणी लागत नाही. आत्याला मागच्या खोलीत फळे चिरायला बसवले आणि मला फडताळाखाली, पोत्यामागे. सहा महिने मला कुणी उघडले नाही. मी गंजलो नाही, कारण अंगात तेल होते.

मग भाच्याच्या डोक्यात आले की दुकानाला पस्तीस वर्षे होतात, तर वॉफलचा दिवस साजरा करायचा. फुगे, फिती, मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ करणारा एक प्रसिद्ध पाहुणा. भिंतीवर त्याने वॉफलचा इतिहास छापून लावला. त्यातले बरेच खरे आहे. कित्येक शतकांपूर्वी युरोपात माझे पूर्वज लांब दांड्यांच्या चिमट्यांसारखे होते आणि चुलीच्या जाळावर धरले जायचे. त्यांच्या तव्यांवर नक्षी आणि कुळांची चिन्हे कोरलेली असत. सणासुदीला चर्चच्या दाराशी गरम वॉफल विकले जात. पुढे जागच्या जागी फिरणारे साचे आले, मग वीज आली. सगळ्या जगाला नाश्त्याला वॉफल आवडू लागला. आणि सर्वांत खाली मोठ्या अक्षरांत, "आमच्या दुकानातला पहिला वॉफल करणारे", आणि शेजारी भावाचा फोटो. ज्याने आयुष्यात पळी धरली नाही त्याचा.

आत्या त्या फोटोपाशी उभी राहिली, मग जाऊन तिने मला पोत्यामागून ओढून काढले. बोलली ती वेगळेच. "त्या दिवशी मी ह्या साच्यावर करते. यंत्रावर नको."

"आत्या, तुझा हात?"

"हात माझा आहे. त्याचं मी बघते."

भाचा वाईट माणूस नाही. घाईतला माणूस आहे, आणि घाईतली माणसे वाईटांपेक्षा जास्त मोडतोड करतात. त्याने सौदा केला. "ठीक आहे. लोकांना आवडलं तर रोज सकाळचा पहिला तास तुझा आणि ह्या साच्याचा. नाही आवडलं तर साचा रंगवून भिंतीवर, आणि तू आराम करायचास."

एक तास. एकतीस वर्षांच्या कामाच्या बदल्यात एक तास, आणि त्यासाठीही तिची परीक्षा.

आदल्या संध्याकाळी भाचेसून मला घेऊन बसली. पोर कष्टाळू. फोटोत मी चांगला दिसावा म्हणून तिने गरम पाणी घेतले, साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि अर्धा तास मला घासले. एकेक चौकोन कोरून कोरून. तिचे नख तुटले तरी थांबली नाही. एकतीस वर्षांची साय मोरीतून वाहून गेली. मला तोंड असते तर ओरडलो असतो. पण साच्याला फक्त पोट असते.

सकाळी आत्याने मला उघडले. आत राखाडी, उघडे लोखंड, आणि कोपऱ्यांत रात्रीतून चढलेली तांबूस झाक.

"कुणी घासला?"

"मी," भाचेसून हसत म्हणाली. "कसा लख्ख निघालाय ना, आत्या? किती वर्षांचं काळं होतं."

आत्याने तिच्या तुटक्या नखाकडे पाहिले. "हो गं. लख्ख निघालाय," ती म्हणाली. पुन्हा साय धरायला निदान एक दुपार लागते. हातात वीस मिनिटे होती.

तिने तेल ओतले, लोणी ओतले, जाळ वाढवला. पहिला वॉफल फाटला, तो नेहमीचाच. ती तो उचलणार, तेवढ्यात भाच्याने बशी पुढे केली. "पहिला पाहुण्यांना, आत्या. मान त्यांचा."

"पहिला द्यायचा नसतो रे."

"आज तरी नियम सांगू नकोस."

पाहुण्याने तो फाटका तुकडा मोबाइलसमोर धरला आणि मंडळींना म्हणाला, "दिसायला अगदी पुरातन." मग चावला आणि घास रुमालात काढला. साबणाची चव लपत नाही. दुसरा वॉफल फाटला. तिसरा फाटला. चौथ्याला आत्याने मला दोन्ही हातांनी उलटवले. यंत्र कोपऱ्यात पीक-पीक करून गुळगुळीत वॉफल बाहेर टाकत होते आणि माणसे हळूहळू तिकडे सरकत होती.

चादर रांगेतून पुढे आली. तिने ताटलीतला तुकडा नाकाशी धरला. "ह्याला साबण लावलाय," ती म्हणाली. "आयुष्य साबणात गेलंय माझं, मला कुणी सांगायला नको. ज्यानं कुणी हे केलं त्यानं आमच्या खात्यात यावं, तिथं घासायला पुष्कळ आहे."

भाचेसुनेचा चेहरा पांढरा पडला. आत्याने तिच्याकडे पाहिलेही नाही.

"दोन दिवस दे," ती भाच्याला म्हणाली. "तेल मुरवते. पुन्हा कर म्हणशील तर करून दाखवते."

"आत्या, ठरलं होतं ना आपलं?" भाच्याने पाहुण्याकडे बघत हळू आवाजात म्हटले. "रंगाऱ्याला मी उद्या बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी रंगारी दुपारनंतर येणार होता. दुपारी दुकान बंद असते. आत्या मला मागच्या शेगडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने भाचेसून आली, तिने तेलाची वाटी उचलली आणि ती चोळू लागली. तापवायचे, चोळायचे, निवू द्यायचे. उलटवायची वेळ आली की आत्या म्हणायची, "आता," आणि सून मला उलटवायची. चार वेळा. खोलीत धूर झाला, दोघींच्या डोळ्यांना पाणी आले. ते धुराचे होते, असे दोघीही म्हणाल्या.

शेवटी आत्याने पळीभर पीठ घातले. "कान दे," ती म्हणाली. सुनेने कान दिला. फसफस बारीक झाली. "आता?" सुनेने विचारले. "तूच सांग." सुनेने मला उघडले. कडा थोड्या चिकटल्या होत्या, पण वॉफल अख्खा निघाला, सोनेरी.

"दाखवते मी ह्यांना," सून उठली.

"बस खाली. त्याने चव बघून नाही ठरवलं, माणसं कुठे सरकली ते बघून ठरवलं. आणि हा पहिला आहे. पहिला करणाऱ्याचा असतो." तिने वॉफल मोडला नाही. अख्खा सुनेच्या हातात ठेवला. सुनेने तो उभ्यानेच खाल्ला.

रंगारी आला. वीस वर्षे माझे वॉफल खाल्लेला माणूस. भाचा सांगून गेला होता, आतबाहेर काळा चकचकीत रंग मारायचा. रंगाऱ्याने मला उघडले, आतल्या ताज्या तेलावरून बोट फिरवले आणि आत्याकडे पाहिले. आत्या फळे चिरत होती. त्याने मला मिटले.

"आतलं कोण बघतंय," तो म्हणाला, आणि फक्त बाहेरून रंग मारला. भिंतीवर लावताना त्याने स्क्रू हातानेच फिरवले. स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढलाच नाही.

म्हणून मित्रांनो, मी इथे आहे. रंगाखाली माझा जीव गुदमरतो, वरचा दिवा डोळ्यांत खुपतो, आणि खालच्या पाटीवर ज्या माणसाचे नाव आहे त्याने मला कधी हातही लावला नव्हता. आत्या मागच्या खोलीत आहे. सकाळी येताना माझ्याकडे एकदा बघते, मनगट चोळते आणि आत जाते. सून यंत्रापाशी उभी असते. यंत्र पीक-पीक करते, तरी ती मान तिरकी करून कान देते. मी पाहतो.

तुम्ही जुन्या वस्तूंना हार घालता, रंग देता, त्यांच्या गोष्टी सांगता. माणसांचेही तेच करता. त्यापेक्षा काम द्या. आणि ज्याने काम केले त्याचेच नाव लिहा. ते जमत नसेल तर पाटी कोरी ठेवा.

माझे स्क्रू सैल आहेत. बाहेरचा रंग खरवडता येतो. आतले तेल अजून ओले आहे. कुणाच्या हातात जोर असेल, त्याने काढावे मला खाली. पहिला वॉफल चिकटेल, फाटेल. तो फेकू नका, कुणाला मानाने देऊही नका. आत्याला शेगडीपाशी बोलवा आणि तिच्या हातात ठेवा.