पातळ कागद

पहिल्या आवृत्तीतल्या प्रत्येक रंगीत चित्रावर एक पातळ, अर्धपारदर्शक कागद होता. जाडीला केसाच्या निम्मा. पान उलटताना आधी तो कुरकुरायचा, मग खालचा पक्षी दिसायचा. तिसऱ्या आवृत्तीत चुका दुरुस्त झाल्या, चित्रं वाढली, पण हा कागद गेला.

पक्षिकोशाचे हे दोन्ही संच दादाने उभ्या आयुष्यात खंड-खंड करून जमवले होते. आता तो धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होता आणि तिच्याकडच्या फळीवर एकच संच मावत होता. फळी तिने पुन्हा मोजून पाहिली होती. कोणता ठेवायचा हे ठरवता ठरवता दादाने अख्खा उन्हाळा काढला. जुन्या पुस्तकांचा दुकानदार दर वेळी चहा पिऊन रिकाम्या हाताने परतायचा.

"आज तरी सांगाल ना, दादासाहेब?" दुकानदार खुर्ची ओढत म्हणाला.

"घाई कसली? बायको निवडायचीही अशीच राहून गेली. चिमणे, पहिल्या आवृत्तीचा चौथा खंड दे. एकदा डोळ्यांखालून घालतो."

"आणली असतीस तर ठेवली कुठे असतीस तिला? जागा सगळी या कोशाने अडवलेली," म्हणत बहीण उठली.

डोळ्यांखालून घालतो, असं तो अजून म्हणायचा. समोरच्या माणसाची त्याला आता फक्त कड दिसते, चेहरा नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने स्वतः कधी कबूल केलं नव्हतं. आज उजेड कमी आहे, एवढंच म्हणायचा.

तिने खंड काढला. वेष्टन पहिल्या आवृत्तीचं, पण खालून तिसरीच्या बांधणीचं हिरवं कापड डोकावत होतं. रंग उडू नयेत म्हणून दादा वेष्टनं काढून बंद कपाटात ठेवायचा आणि कुणी बघायला येणार असलं की स्वतः चढवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. काल रात्रीही त्यानेच चढवली होती, चाचपून.

तिने पाचवा पाहिला, सहावा पाहिला. तीच गत. दुकानदाराच्याही ते ध्यानात आलं; त्याने नजर कपात घातली. सांगावं तर दादाचा पाणउतारा, न सांगावं तर आंधळा कारभार. तिने खंड दादाच्या मांडीवर ठेवला.

"छपाई बघा," तो दुकानदाराला म्हणाला. "असं काम आता कोण करतो?"

त्याने चित्राच्या गुळगुळीत पानावर बोटं फिरवली आणि थांबला. एक पान मागे गेला, मग पुढे. दुसरं चित्र, तिसरं चित्र. बोटं कुरकुरणारी कड शोधत राहिली.

"चिमणे, चौथाच दिलास ना?"

"चौथाच." तेवढं तरी खरं होतं.

"आणि वेष्टनं मीच चढवली."

"हो."

दादाने खंड मिटला. वेष्टनाची दुमडलेली कड अंगठ्याने सरळ केली, पुन्हा एकदा केली.

"तुझी फळी तुलाच राहू दे," तो बहिणीला म्हणाला. मग जिथून दुकानदाराचा आवाज आला होता तिकडे वळला. "दोन्ही संच घेऊन जा. मला दिसत नाही."