कांता ते मंदा

कांता सबनीसनं रविवारच्या कोड्यातल्या पहिल्या रिकाम्या चौकटीत 'शांता' असं लिहिलं, तेवढ्यात बेल वाजली आणि शांता घरात आली. तिनं चपला कोपऱ्यात नीट काढल्या, पायपुसण्याला पाय पुसले, कांताकडे बघून ओळखीचं हसली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. तिथं तिला काहीही शोधावं लागलं नाही. चहाचं भांडं, गाळणं, आल्याचा तुकडा, सगळं कुठं असतं ते तिला ठाऊक होतं.

"शांता, साखर बेतानं घाल गं," गॅलरीतल्या आरामखुर्चीतून मनोहररावांचा आवाज आला.

त्या बाईला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्तासुद्धा मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि तरी हाक तीच, त्याच पट्टीतली, जी कांता चाळीस वर्षं ऐकत आली होती. खरं तर कांताला नवल वाटायला हवं होतं. पण तिला आला तो संताप.

ते 'नावात नाव' नावाचं कोडं ती दर रविवारी सोडवायची. वर एक नाव छापलेलं, खाली एक नाव छापलेलं, मध्ये रिकाम्या चौकटी. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि दर पायरीला मुलीला ठेवता येईल असं खरंखुरं नाव तयार व्हायला हवं. कुकर उतरला, ओटा पुसून झाला, की मग ती जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायची. आठवड्यातला तेवढाच वेळ तिच्या मालकीचा होता आणि त्यातही मध्येच कुणाला तरी टॉवेल सापडत नसे. पण आज पुरवणी उघडली तर वर 'कांता' छापलेलं होतं आणि खाली 'मंदा'.

मंदा तिचंच नाव होतं. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत ती मंदाच होती. मग ताटात तांदूळ पसरले गेले, मनोहररावांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं आणि समोर बसलेल्या मंदाला ते उलटं वाचावं लागलं. आधी तिला वाटलं, यांचं काहीतरी चुकलं. तिनं हळूच तसं म्हटलंही. त्यावर सगळा मांडव हसला आणि पेढे वाटले गेले. असं का, हे तिनं पुढं एकदा मनोहररावांना विचारलं, तेव्हा आईनं ठरवलं होतं एवढंच उत्तर मिळालं. माहेरची माणसं होती तोवर वर्षातून दोनदा तरी कानावर मंदा पडायचं. आता तिकडं कुणीच उरलं नव्हतं. कोडं सुटलं तर या घरात, या चार भिंतींत, एकदा तरी कुणीतरी आपल्याला मंदा म्हणेल, एवढीच तिची आशा होती आणि ती तिला फार मोठी वाटत होती.

तिनं दुसऱ्या चौकटीत 'शांती' लिहिलं. शांती किडकिडीत होती. तिनं आल्या आल्या दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि मनोहररावांचे सदरे वेगळे लावले, जसे त्यांना लागतात तसे. कांता तिच्या मागोमाग आतल्या खोलीत जायला निघाली तेव्हा तिला खुर्ची मागं सरकवता येईना. भिंत जवळ आली होती. सोफा आता टीव्हीच्या कपाटाला टेकला होता आणि मधून जायचं तर अंग चोरून आडवं व्हावं लागत होतं.

"ही कोण, विचारलंत का तुम्ही?" कांतानं गॅलरीच्या दारातून विचारलं.

"शांती," मनोहरराव म्हणाले. जणू कांताच विसरली होती आणि ते तिला आठवण करून देत होते. गॅलरीत त्यांची खुर्ची होती, पाय ठेवायला स्टूल होतं आणि त्याभोवती पहिल्याइतकीच मोकळी जागा होती. तिथली भिंत तसूभरही हललेली नव्हती. चाळीस वर्षं या खुर्चीखालचा केर काढताना आपणच वाकलो, तेही अगदी मुकाट्यानं, हे आठवून कांताची कानशिलं तापली.

तिनं टेबलाशी येऊन खोडरबर घेतला आणि 'शांता' खोडायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात शांतानं ओट्याचा आधार घेतला आणि पोटात कळ आली म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तशी कळ कांतालाही कितीदा आली होती आणि तेव्हा तीही अशीच ओटा धरून उभी राहिली होती. तिनं रबर खाली ठेवला, अक्षर पुन्हा ठळक केलं आणि शांता पुन्हा कांदा चिरायला लागली. थोडक्यात काय, मागं जायची सोय नव्हती. जायचं ते खालीच.

तिसऱ्या चौकटीत 'कुंती' आली. कुंती उंच होती आणि हुकूम सोडायची तिला सवय असावी. एवढ्या माणसांचा भात नेहमीच्या पातेल्यात मावायचा नाही, असं म्हणून तिनं स्टूल ओढलं आणि माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढलं. ते सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं होतं. सासूबाईंनी जिवंतपणी ते कधी कुणाला काढू दिलं नव्हतं आणि त्या गेल्यावर एवढ्या मोठ्या पातेल्याची कुणाला गरज पडली नव्हती. कुंतीनं लुगडं सोडलं, पातेलं उलटं केलं आणि त्यावर घातलेलं नाव मोठ्यानं वाचलं. सौ. कांता मनोहर सबनीस. घरातल्या सगळ्याच भांड्यांवर ते होतं. वाटीवर, तांब्यावर, परातीवर, अगदी सांडशीवरसुद्धा. पण या पातेल्यावर नावाखाली तारीखही होती आणि कुंतीनं तीही वाचली.

तारीख जानेवारीची होती. मंदाला बघायला ही माणसं तिच्या घरी आली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.

कांता पातेलं घेऊन गॅलरीकडे निघाली. मधली वाट आता इतकी चिंचोळी झाली होती, की पातेलं डोक्यावर धरून जावं लागलं. तिनं ते मनोहररावांच्या मांडीवर ठेवलं आणि तारखेवर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि सांगून टाकलं. ती कांता वेगळी. मिरजेची. सगळं ठरलं होतं, याद्या झाल्या होत्या आणि मग तिकडच्यांनी मोडलं. तोवर आईनं हौसेनं भांडी घेऊन वर नावं घालून घेतली होती.

"सगळी भांडी मोडीत घालायची म्हणजे केवढा तोटा," ते म्हणाले. "त्यापेक्षा नाव बदललेलं बरं, असं आई म्हणाली. बदलायचं तर होतंच."

"मी चाळीस वर्षं दुसऱ्या बाईचं नाव घासत बसले."

"चांगली जड भांडी आहेत," मनोहरराव म्हणाले. "अशी आता मिळत नाहीत. कुंती, चहाचा कप घेऊन जा गं."

कुंती आली आणि कप घेऊन गेली. कांता तिथंच उभी राहिली. ते पातेलं उचलून त्या टकलावर हाणावं असं तिला वाटलं, मनापासून वाटलं. हात उठलाही. पण मागून शांतीनं पातेलं अलगद काढून घेतलं आणि भाताचं आधण ठेवायला गेली. या बायांना कामाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. कांताला त्यांचाही राग आला आणि मग आपलाही आला, कारण सुचायचं म्हटलं तर इतकी वर्षं तिलाही दुसरं काय सुचलं होतं.

मग तिनं चौथ्या चौकटीत 'कुंदा' लिहिलं, इतक्या जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं आणि शेवटचा काना नखानं ओढावा लागला. आता काय व्हायचं ते होऊ दे, पण मला माझं नाव पाहिजे. ते तिच्या मनात एवढ्या मोठ्यानं उमटलं, की बायांनी स्वयंपाकघरातून वळून पाहिलं.

कुंदा आली ती दार न लावताच आत आली. तिच्या हातात तांदळानं भरलेलं माप होतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं, पदरानं घाम टिपला आणि मागून नवी नवरी येतेय, जिन्यात आहे, असं सगळ्यांना सांगितलं. चौघी भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभ्या राहिल्या, कारण दुसरीकडे कुठं उभं राहायला जागाच नव्हती. समोरची भिंत त्यांच्या नाकापासून वीतभर लांब होती. शांतानं ओवाळायचं ताम्हन डोक्यावर धरलं होतं.

मनोहरराव खुर्चीतून उठले. रविवारी ते दुपारपर्यंत दाढी करत नसत, पण आज दाढी केलेली होती आणि अंगात लग्नातला कोट होता. तो त्यांना बरोबर बसला होता. त्यांनी ताट मागितलं, त्यात तांदूळ पसरले, हातानं सारखे केले आणि बोटातली अंगठी काढून चिमटीत धरली.

"आता काय लिहिणार?" कांतानं विचारलं.

"काय म्हणजे? भांड्यांवर आहे तेच," मनोहरराव म्हणाले.

तेव्हा कांताच्या लक्षात आलं, की कोडं सुटलं तरी नाव तिला मिळणार नव्हतंच. ते नाव घेऊन एक पोरगी जिना चढून येत होती आणि इथं आत आल्यावर ते तिच्याकडूनही काढून घेतलं जाणार होतं. पुन्हा तेच ताट, तेच हसणं, तेच पेढे. आणि हे सगळं कांतानं स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर लिहून, घडवून आणलं होतं. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. ती बायांच्या समोरून, भिंतीला अंग घासत, कोपरं खरचटून घेत दारापर्यंत पोचली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.

मंदा शेवटच्या पायरीवर होती. हिरवा शालू, हातभर चुडा, कपाळावरच्या मुंडावळ्या मागं टाकलेल्या. हनुवटीवर लहानपणी झोक्यावरून पडल्याची खूण होती, कांताच्या हनुवटीवर होती तीच. तिनं दारावरची पाटी वाचली आणि मग कांताकडे पाहिलं. त्या पाहण्यात ओळख नव्हती. नव्या घरात शिरताना वडीलधाऱ्या बाईकडे जसं बिचकत बघतात, तसं ते होतं.

"आत येऊ नकोस," कांता म्हणाली.

मंदा गोंधळली. तिनं जिन्यातून खाली पाहिलं.

"पोचवायला आले होते ते सगळे गेले," ती म्हणाली. "तुम्ही कोण? यांच्या आई का?"

आपण कांता आहोत असं म्हणायचं तर ती कांता मिरजेची होती. मंदा आहोत म्हणायचं तर मंदा समोर उभी होती. कांताच्या पाठीला काहीतरी टेकलं. ती भिंत होती. आतलं घर आता फक्त दाराच्या रुंदीचं राहिलं होतं आणि कांताला हळूहळू उंबऱ्याकडे ढकलत होतं. मापातले तांदूळ तिच्या पावलांना लागले. मंदानं रीतीप्रमाणे शालूच्या निऱ्या उचलल्या आणि उजवा पाय पुढं केला.

कांतानं आतूनच लाथ मारून माप लवंडलं. तांदूळ बाहेर सांडले, मंदाच्या पावलांवरून गेले आणि एकेक पायरी उतरत खाली चालले. माप रिकामं झालं तरी ते यायचे थांबेनात. कांता त्यांच्याबरोबर उंबऱ्याबाहेर पडली आणि तिनं मंदाला दंडाला धरून भिंतीशी ओढलं. पोरगी ओरडली नाही. तिचा दंड थंड होता.

आतून मनोहररावांची हाक आली.

"कांता."

त्या हाकेला ओ न देण्याची कांताची ही पहिलीच वेळ होती. घशापर्यंत आलेली ओ तिनं गिळून टाकली.

"शांता," त्यांनी हाक मारली. आतून ओ आली. मग शांतीला मारली, मग कुंतीला, मग कुंदाला. प्रत्येक हाकेला लगेच ओ येत होती आणि प्रत्येक ओ नंतर ते हुं म्हणत होते. म्हणजे त्यांना हवी होती ती यांतली कुणीच नव्हती. नवरीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आणि मग टेबलावरची पुरवणी उचलल्याचा कागदी आवाज झाला. ते कोडं वाचत होते, वरून खाली, बोट फिरवत.

"मंदा," मनोहरराव म्हणाले.

नीट म्हणाले, स्पष्ट, त्याच पट्टीत. चाळीस वर्षं ज्या एका हाकेसाठी कांता झुरली, ती हाक हीच. शेजारी मंदानं मान वळवली. लाडाची लेक होती, हाकेला ओ द्यायची तिला सवय होती. तिनं श्वास घेतला, ओठ उघडले, आणि कांतानं आपला तळहात तिच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

पोरीचा श्वास हाताखाली ऊन लागत होता. आतून पुन्हा हाक आली, या वेळी जरा मोठ्यानं.