दृढ ऊतींचा तास

काथ्याचा धागा दातांनी तुटत नाही.

पंपघराचं निळं दार.

झाडाच्या बुंध्याशी चपला, जोडीने, नीट काढून ठेवलेल्या.

अस्थिबंध हाडाला हाडाशी बांधतो, स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी. परीक्षेत हमखास.

अर्धा तांब्या पाणी.

*

चौलला शाळेच्या कुंपणापलीकडे बाळारामशेटची सुपारीची वाडी. मृणाली बाई नववीला ऊती शिकवत होत्या. फळ्यावर दृढ ऊती काढून झाली होती, जाड भिंतींच्या मेलेल्या पेशी, आणि मुलांच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. म्हणून त्यांनी अख्खा वर्ग उठवून कुंपणापाशी नेला. पलीकडे दिनानाथ सुपारी पाडत होता. शेवटच्या बाकावरच्या मैत्रीचा बाप. ती मैत्री, जिने वर्षभरात एकाही प्रश्नाला उभं राहून उत्तर दिलं नव्हतं.

इथला सुपारी पाडणारा दर झाडाला चढ-उतार करत नाही. एकदा वर गेला की झाड झुलवतो, वाकवतो, हाताने पुढचं झाड धरतो आणि त्यावर जातो.

कारणे द्या: सुपारीचं खोड माणसाच्या वजनाने वाकतं, पण मोडत नाही.

बाईंनी तेच विचारलं. वर्गातला सनी म्हणाला, "काका सकाळी जेवले नसतील." वर्ग हसला. मैत्रीही हसली.

दिनानाथने झाड झुलवलं. एकदा. परत. पुढच्या झाडाकडे हात टाकला.

झाड सरळ झालं. त्यावर कुणी नव्हतं, पुढच्यावरही नाही.

*

कुंपणाचं फाटक वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. बाई धावल्या, मागून मुलं.

गावात पडलेल्या माणसाला पडलेला ठेवत नाहीत. ते वाईट दिसतं. त्याला बसता करतात, पाणी देतात, मोटरसायकलवर दोघांच्या मधे घेतात आणि हाड बसवणाऱ्याकडे नेतात. बाई पोचल्या तेव्हा वाडीतला गडी सदू दिनानाथच्या काखेत हात घालून होता आणि मोटरसायकल सुरू झाली होती.

"उचलू नका," बाई म्हणाल्या.

बाळारामशेट म्हणाला, "बाई, माणूस मातीत पडलाय. मातीत ठेवायचा?"

"मातीत ठेवा. आहे तसाच."

"ह्यो पोरांचा धडा न्हाय," सदू म्हणाला. "पुस्तक शाळेत ठेवून या."

बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. येईल, म्हणाले. कधी ते सांगितलं नाही.

मग त्या समजावू लागल्या. पाठीचा कणा म्हणजे नुसतं हाड नाही, आत मऊ मज्जारज्जू असतो, मोडलेलं हाड जरा सरकलं तरी तो कापला जातो, कापला की परत जुळत नाही. बोलता बोलता त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. तासाला लागतो तोच आवाज. समोरची तोंडंही तीच, काही म्हणजे काही न उमटणारी.

त्या खाली बसल्या आणि सदूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. सोडेनात. सदू ओशाळला. परक्या बाईने हात धरलाय, सगळा वर्ग बघतोय.

बाळारामशेट मैत्रीकडे वळला. "पोरी, बाप तुझा हाय. तूच सांग."

मोटरसायकल चालूच.

एका वाक्यात उत्तर लिहा.

मैत्री गुडघ्यावर बसली. बापाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं.

"पंपघराचं दार काढा," ती म्हणाली. "बाबाला त्याच्यावर आडवं घ्या. सगळ्यांनी एकदम."

सदूने लाथ मारून बिजागरी उखडली.

*

शेटच्या टेम्पोत निळं दार, इस्पितळाच्या वाटेवर. दारावर दिनानाथ. मैत्रीचे हात अजून तसेच. बाईंनी ओढणीने त्याला दाराशी बांधलं होतं. रस्ता वाईट. चालकाला हळू सांगावं की जोरात, ते बाईंना कळत नव्हतं. दोन्ही चुकीचं वाटत होतं. पुस्तकात टेम्पो नव्हता.

आपण वेळेत थांबवलं, बाई मैत्रीला म्हणाल्या. परत म्हणाल्या. तिसऱ्यांदाही म्हणाल्या, कुणीतरी त्यांना तसं सांगावं म्हणून.

मग त्या वाकल्या. "दिनानाथदादा, पायाची बोटं हलवून दाखवा बघू."

"हलवतोय की," दिनानाथ म्हणाला.

मैत्रीने पायांकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"दिसतंय ना?" दिनानाथने विचारलं. "हलवतोय मी."

"हो बाबा," मैत्री म्हणाली.

*

बाई फाटकापर्यंत पोचण्याआधीच सदूने दिनानाथला एकदा बसवून अर्धा तांब्या पाणी पाजलं होतं.