पिवळ्या डागाचा दोर

मी एक जुना, डोंगर उतरायचा दोर आहे, आणि मी भयंकर संतापलोय. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सुस्कारे टाकतात. मला ते जमणार नाही, आणि तेवढा वेळही नाही. उद्या सकाळी तुमच्या शाळेची सहल मोहाडीच्या कड्याला निघणार आहे. तिथं तुमच्या वर्गातल्या प्रियदर्शनीचा बाप भागवत तुम्हाला एकेकाला माझ्यावर लटकवून कडा उतरवणार आहे. मी तुमचं वजन पेलणार नाही, मध्येच तुटेन. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मला सांगावं लागतंय.

माझा जन्म कारखान्यातला. नायलॉनचे बारीक धागे पिळून माझा गाभा केला, वरून निळं आवरण विणलं. मग वजनं टांगून आपटली, ओढून ताणून पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही. एक दिवस पुष्करनं मला पुण्याच्या दुकानातून उचललं आणि एसटीत मांडीवर घेऊन वसमतला आणलं. पुष्कर, भागवत आणि नीलांबरी हे तिघं कॉलेजचे दोस्त. भागवत जवळा बाजारच्या शेतकऱ्याचा पोरगा, नीलांबरी वसमतच्या एका पुजाऱ्याची लेक, आणि पुष्कर वर्गातला सगळ्यात मोठा बडबड्या.

काय दिवस होते ते! सुट्टी लागली की हे तिघं जीपच्या टपावर बसून सेनगावकडच्या डोंगरात. सागाचं जंगल, पळसाचे माळ, पाण्यानं कापलेल्या घळी. घळ आली की सगळे माझ्याकडे बघायचे. एकदा मोहाची फुलं पडायच्या दिवसांत खालच्या झाडाखाली अस्वल आलं. तिघं मला कमरेला बांधून वरच्या कपारीत चिडीचूप बसले. अस्वल आरामात फुलं खातंय आणि पुष्करला नेमकी शिंक आली! नीलांबरीनं त्याचं नाक असं दाबून धरलं की बिचारा लालबुंद झाला. अस्वल गेल्यावर तिघंही इतके हसले की माझ्या गाठी हलायला लागल्या.

नीलांबरीची एक सवय होती. कोणी माझ्यावर उतरायच्या आधी ती डोळे मिटायची आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवायची. कुठं मऊ लागतं, कुठं फुगलंय, कुठं कडक झालंय, हे बोटांना कळतं. पुष्कर कंटाळायचा. "झालं का तुझं पारायण?" म्हणायचा. ती काही हलायची नाही. म्हणून तर इतकी वर्षं कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग व्हायचं तेच झालं. पुष्कर नोकरीला पुण्यात गेला, नीलांबरी वसमतला बँकेत लागली, भागवत शेतीत गुंतला. मला ठेवलं भागवतच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, खुंटीवर वेटोळं करून. तिथं खंडेनवमीला भागवतची आई, आशाबाई, सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावायच्या. नांगराला, विळ्याला, पंपाला, आणि मलाही. "ह्यो बी माह्या लेकराला सांभाळतो," म्हणायच्या. त्या माऊलीवर माझा राग नाही. तिनं मला देव मानलं. राग आहे तो तिच्या शहाण्या पोरावर.

या शहाण्यानं काय करावं? ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी काढली आणि ठेवली नेमकी माझ्या खुंटीच्या वरच्या फळीवर! बॅटरीत तेजाब, म्हणजे ॲसिड, असतं. ते थेंब थेंब माझ्यावर गळलं. लोखंडाला खाणारं ते तेजाब, माझे धागे काय टिकणार? आतून जळत गेलो. वरून दिसला फक्त एक पिवळट डाग, आशाबाईंच्या हळदीच्या बोटांशेजारी.

आणि आपल्याकडं पिवळ्या डागाला कोण घाबरतं हो? हळद पिकवणारा मुलूख आपला. पोती पिवळी, अंगण पिवळं, माणसांची नखं पिवळी. डाग काळा असता, हिरवा असता, तर कोणीतरी चपापलं असतं. पिवळा म्हटल्यावर कोणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिघांनी पुन्हा मोहाडीच्या कड्यावर जायचं ठरवलं. कड्याच्या माथ्यावर नीलांबरीनं डोळे मिटले आणि मला बोटांतून सरकवायला घेतलं. डागापाशी तिची बोटं थांबली. मला वाटलं, सुटलो!

"भागवत, हे पिवळं कशाचं रे?"

"आईची हळद हाय. खंडेनवमीची. दुसरं काय असनार?"

"कडक लागून राहिलंय इथं."

"वाळली असंल."

पुष्कर मध्येच फिदीफिदी हसला. "अगं, पुजाऱ्याची पोरगी ना तू? देवाची हळद तपासतेस?"

नीलांबरीही हसली. तिनं मला खाली सोडलं, उरलेला तपासलाच नाही, आणि पहिली तीच उतरली.

मी काय केलं नसेल! एकेक धागा आवळून धरला. तिचा पाय कपारीवरून निसटला, सगळा भार डागावर आला, आणि मी तटकन तुटलो. नीलांबरी खालच्या दगडांवर आपटली. तिची मांडी मोडली. जीव वाचला तो केवळ ती बरीचशी खाली पोचली होती म्हणून. भागवतनं तिला पाठीवर घेऊन जंगलातून सडकेपर्यंत आणलं, वाटभर रडत. माणूस वाईट नाही तो. पण दवाखान्याच्या दारात पुष्करला म्हणतो कसा, "दोरानं दगा दिला राव!"

दगा? मी? वर्षानुवर्षं या तिघांची धुडं पेलली ती कोणी? मला कपाळ नाही, नाहीतर बडवून घेतलं असतं.

आणि पुढं ऐका, हद्द तर पुढंच आहे. भागवतनं माझं तुटकं टोक कापलं, काडी लावून भाजून बंद केलं आणि म्हणाला, "खराब तेवढं गेलं. बाकीचा बराबर हाय." अरे बाबा, मी वेटोळं करून टांगलेला होतो! वरच्या वेढ्यावरचा थेंब खालच्या वेढ्यांत उतरणार नाही तर कुठं जाणार? उरलेल्या अंगातही जागोजागी जळलोय मी. त्यात सहलीसाठी म्हणून मला साबणानं घासून काढलं. आता डागही दिसत नाहीत. नव्यासारखा निळा दिसतोय. आत्ता अंगणात बाजेवर वाळत पडलोय, आणि भागवतची पोरगी प्रियदर्शनी, तुमच्याच वर्गातली, माझ्या टोकाशी खेळते आहे.

थांबा. फाटकाशी कोणीतरी आलं. नीलांबरी! काखेत कुबडी, कपाळावर घाम. फाट्यापासून चालत आलेली दिसते.

"अगं नीलू, एवढी तकलीफ काहून घेतली? फोन करायचा ना!" भागवत धावला.

"फोनवर तू 'बराबर हाय' म्हणाला असतास. तू पुष्करला बोललास, त्यानं सांगितलं मला. याच दोरावर शाळेची लेकरं उतरवून राहिलास म्हणे?"

"अगं, खराब भाग काढला न मी. ओढून बघितला. लई मजबूत हाय."

"तेव्हाही मजबूतच होता. चुकलं आपल्या तिघांचं. मीही हळद म्हणून हसले आणि हात काढला. दोराला काहून नावं ठेवतोस?"

मित्रांनो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं!

भागवत मात्र पेटला. "मंग काय करू? हेडसरांना शब्द दिला. पोरं आठ दिवसांपासून नाचून राहिलेत. दोर चांगला हाय म्हणतो न मी!"

नीलांबरी बाजेवर बसली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं.

"चांगला आहे ना? मग उद्या पहिली प्रियदर्शनी उतरेल."

"व्हय पप्पा! मी पयली!" प्रियदर्शनीनं टाळी वाजवली आणि मला उचलून आपल्या कमरेला गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. गाठ मारायला टोक तिनं बापापुढं धरलं. "बांधा न पप्पा."

भागवतनं टोक हातात घेतलं. गाठ काही मारली नाही. पोरीकडं बघत राहिला. मग एकदम तिच्या कमरेचे वेढे असे ओरबाडून काढले की ती दचकून रडायला लागली. तो शेडमध्ये गेला, कोयता घेऊन आला, आणि मला ओट्यावर ठेवून तोडायला लागला. वीत वीत तुकडे केले. आतून निघालेले करपलेले धागे बोटांनी चुरडून पाहिले आणि तिथूनच हेडसरांना फोन लावला.

आता मी तुकड्यांचा ढीग आहे. बरं झालं. पण राग गेला का? मुळीच नाही. स्वतःच्या लेकराच्या कमरेला दोर लागला तेव्हा भागवतचा हात थांबला. मग तुम्ही कोणाची लेकरं होता?

उद्याची सहल पायवाटेनं जाईल, कडा राहील. तोंड वाकडं करू नका. आणि पुढं कधी कोणी तुमच्या कमरेला दोर बांधायला आलं, 'चांगला हाय' म्हणालं, तर मोठं माणूस आहे म्हणून गप्प बसू नका. सरळ विचारा, याच्यावरून तुमचं लेकरू उतरवाल का? आणि उत्तर येईपर्यंत गाठ मारू देऊ नका.