तीन पेले

रंग

एल्डर्स मिल हे गाव कॅनडातल्या ग्वेल्फपासून तासाभरावर. दगडी गिरणी, मागे नदी, नदीकाठी व्हिस्कीचा कारखाना. कारखाना बंद पडला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता तिथे म्युझियम आहे, लोक तिकीट काढून तांब्याची भांडी बघतात.

विश्वनाथ दामल्यांनी त्या कारखान्यात तेवीस वर्षं काढली ती नाकाच्या जोरावर. पीप उघडायचं, थेंबभर तळहातावर चोळायचं, हुंगायचं, आणि ठेवायचं की ओतून द्यायचं ते सांगायचं.

मराठी मंडळात मात्र त्यांची बायको प्रमोदिनी सांगायची, "हे धान्याच्या केमिस्ट्रीत आहेत." खोटं नव्हतंच. मका, राय, बार्ली. त्या धान्याचं पुढे काय होतं, तेवढंच ती सांगत नसे. या गावात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आज टाकलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी विश्वनाथांना कोविड झाला, तेव्हापासून हिंग काय नि फिनेल काय, त्यांना सारखंच. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. पण एकदा दूध करपलं, घरभर वास सुटला आणि हे शांतपणे पेपर वाचत बसले, तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

(रंग सांगायचा राहिला. आजच्या तिन्ही पेल्यांतल्या व्हिस्कीचा सारखाच, काढ्यासारखा. डोळे अजून शाबूत होते.)

वास

म्युझियम चालवणाऱ्या लॉर्नाने टेबलावर तीन पेले मांडले होते, वर काचेच्या झाकण्या. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी विश्वनाथांनी स्वतः भरलेल्या तीन पिपांतली व्हिस्की. त्यांनी होकार दिला की आजच तिन्ही एकत्र करून बाटल्या भरायच्या, आणि त्या विकून गिरणीचं छप्पर करायचं. एक जरी नासलेलं पीप त्यात मिसळलं, तर उरलेली दोन्हीही गेली.

"टेक युअर टाइम, व्हिश," लॉर्ना म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"व्हिश?" प्रमोदिनी पुटपुटली. "बरंच काय काय कळतंय आज."

त्यांनी थेंब चोळला. तळहात नाकाशी नेला. गार लागलं, एवढंच. 'ब्यूटिफुल' हा शब्द त्यांनी गाडीतच तयार ठेवला होता.

प्रमोदिनीने त्यांचं मनगट धरलं आणि तो हात आपल्या नाकाशी ओढला.

"हा चांगला आहे. जायफळ. आणि लाकडी पेटीतलं रेशीम."

"अगं, तू…"

"दुसरा द्या."

दुसरा चोळला. "हाही. गुळाचा वास जरा जास्त."

तिसऱ्याला तिने तोंड फिरवलं. "ओला पुठ्ठा. आपलं बेसमेंट तुंबलं होतं ना, तसा."

विश्वनाथ तिच्याकडे बघत राहिले. नेमक्या याच वासासाठी त्यांनी पिपंच्या पिपं ओतून दिली होती. "तुला कसं माहीत?"

"तेवीस वर्षं तुमचे शर्ट धुतलेत. हा वास घेऊन यायचात त्या दिवशी धड जेवायचा नाहीत."

चव

कुणी घेतली नाही.

निकाल

"तिसरं नको," ते लॉर्नाला म्हणाले. "बुरशी आहे."

हे सहज जमलं. प्रमोदिनी दोन पावलं मागे सरकून कोटाची बटणं लावू लागली.

लॉर्नाचा चेहरा उतरला. "तूच भरलेलं ते. अजून एकदा बघशील? प्लीज."

तळहात पुसता पुसता त्यांचा हात थांबला. पुन्हा बघायचं म्हणजे पुन्हा नाटक, आणि ते या टेबलावर, जिथे त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"मला वास येत नाही, लॉर्ना. दोन वर्षं झाली. हिने ओळखलं."

लॉर्नाने वळून पाहिलं. "डू यू ड्रिंक, मिसेस दामले?"

"नेव्हर," प्रमोदिनी म्हणाली. "बट आय डिड द लाँड्री."

लॉर्ना हसली नाही. तिने तिसरा पेला उचलून स्वतः हुंगला, कपाळाला आठी घातली, परत हुंगला. मग तपासणीचा छापील कागद काढला. विश्वनाथांचा हात सवयीने पेनाकडे गेला. लॉर्नाने कागद प्रमोदिनीपुढे सरकवला.

तिने चष्मा लावला. तीन ओळी सावकाश भरल्या, खाली सही केली, मग पेन एका रकान्यावर अडलं.

"अहो, इथे अनुभव किती वर्षं असं विचारलंय. काय लिहू?"

"तेवीस," विश्वनाथ म्हणाले.