सगळीच यकृतं तपकिरी

सकाळी दहा वाजता भावोजींच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी निघाला. या तपासणीच्या रंगात तपकिरी म्हणजे एक ठरावीक प्रथिन भरपूर, आणि प्रथिन भरपूर म्हणजे कॅन्सर, असं विभागप्रमुखांचं संशोधन सांगत होतं. विभागात त्या प्रथिनाला पाठीमागे ‘जावई’ म्हणत. त्याच्यात खोट काढायची सोय नव्हती.

काच पाहत होती ती त्याच विभागातली पॅथॉलॉजिस्ट, भावोजींची मेहुणी, घरच्यांची धाकटी. नुसत्या पेशींवरून तिला काही ठरवता येईना. यकृत जुन्या आजाराने आक्रसलेलं, त्यातली गाठ साधी की कॅन्सरची, दोन्हीला जागा होती. उद्या ऑपरेशन होतं. आजारी यकृत कापल्यावर उरलेलं तग धरेल का, हे सर्जनही छातीठोकपणे सांगत नव्हते. सगळी भिस्त जावयावर. धाकटीने ‘ठाम तपकिरी’ असा रिपोर्ट पाठवला आणि मग तिला चैन पडेना.

यकृतात मुळातच बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं आणि रंग त्यालाही चिकटतो. म्हणून आधी ते झाकायचं, शिवाय एक काच प्रथिन शोधणारं द्रव्य न घालता रंगवायची. ती कोरी राहिली तरच बाकीच्या खऱ्या. विभागप्रमुख सरांनी दोन्ही बंद केलं होतं. “उत्तर ठाऊक असलेली परीक्षा कशाला घ्यायची?” यावर धाकटीसकट सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. परक्यांच्या यकृतांवर सह्या करताना तिचा हात कधी अडखळला नव्हता. घरचं यकृत आलं तेव्हा शास्त्र आठवलं.

दुपारी तिने भावोजींच्याच तुकड्याची एक काच ते द्रव्य न घालता रंगवली. तीही तपकिरी निघाली.

सर परिषदेला निघाले होते. तिने फोन लावला.

“किती तपकिरी?”

“भावोजींच्या काचेइतकीच.”

“मग तेवढं वजा कर.”

“वजा केलं तर काहीच उरत नाही, सर.”

“म्हणून नातेवाइकांच्या काचा बघू नयेत. भावना आड येतात. परवा बोलू.”

“ऑपरेशन उद्या आहे.”

“माझं भाषणही उद्याच आहे,” सर म्हणाले आणि विमानात चढले.

तिने रिपोर्ट मागे घेतला. सर्जन शांतपणे म्हणाले, “थांबतो. पण गाठ कॅन्सरची असली तर थांबल्याचा जाब कुणाला विचारायचा?”

पाठोपाठ ताईचा फोन. “एवढी शिकलीस, आणि एक हो-नाही सांगता येत नाही?”

“रंग चुकलाय, ताई. परत रंगवावं लागेल.”

“माणूस आहे तो, भिंत नाही. खरं काय ते सांग, कॅन्सर आहे का?”

“माहीत नाही.”

“हे तर मलाही सांगता आलं असतं,” ताई म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही. पलीकडे भावोजी कुणाशी तरी बोलत होते, ते दोघी ऐकत राहिल्या.

संध्याकाळपर्यंतची माहिती अशी: सुईने काढलेल्या तुकड्याचा एकच काप उरला होता. बायोटिन झाकून तो रंगायला घातला आहे. ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे, रद्द केलेलं नाही. जावयाच्या भरवशावर आजवर ज्यांची यकृतं कापली, त्यांच्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.